तीन वाटांचे पाणी

सहलीचा विषय निघाला की आपल्याकडे कोकणचा समुद्र, महाबळेश्वर नाहीतर अजिंठा-वेरूळ ही नावे चटकन तोंडी येतात. बुलढाण्याचे नाव त्यात क्वचितच निघते. शेगावला दर्शनाला आलेली मंडळीसुद्धा प्रसाद आणि कचोरी घेऊन आल्या गाडीने परत फिरतात. पण मला विचाराल, तर दोन-तीन दिवसांत इतका निरनिराळा मुलूख दाखवणारे जिल्हे महाराष्ट्रात थोडेच असतील.

इथली माणसे आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सांगतात : घाटावर आणि घाटाखाली. घाटाखाली पूर्णेचे काळ्या मातीचे, कपाशीचे खोरे आणि त्याच्याही पलीकडे उत्तरेला सातपुडा. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकरचे पठार. मधून अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड गेली आहे. राजूर घाटाच्या वळणावर उभे राहिले की मला दरवेळी एका गोष्टीचे नवल वाटते. या डोंगरावरचा पाऊस उत्तरेकडे वाहिला तर पूर्णेतून तापीला आणि तापीबरोबर अरबी समुद्राला मिळतो. दक्षिणेकडे वळला तर याच डोंगरात उगम पावणाऱ्या पैनगंगेतून पुढे गोदावरीला आणि थेट बंगालच्या उपसागराला! एकाच सरीची दोन टोकांना दोन माहेरे.

तिसरे पाणी मात्र कुठेच जात नाही. ते लोणारचे.

काळ्या कातळावर उल्का आदळून झालेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पण गावाला ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. विष्णूने लवणासुराला मारले ती ही जागा, अशी इथली कथा. गावातले दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर तिची आठवण ठेवून उभे आहे. काठावर गोड्या पाण्याची धार अखंड वाहते आणि खाली सरोवराचे पाणी खारट, साबणासारखे बुळबुळीत. जून 2020 मध्ये ते एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे काम असल्याचे दाखवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर पाणथळीचा मान मिळाला.

या सरोवराला बाहेर पडायला वाट नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. आत येईल ते आतच राहते. केवळ पाण्याची वाफ होते. म्हणून धारेवर लावलेला साबण, गावातले सांडपाणी, सहलीच्या पिशव्या या साऱ्यांचा हिशेब शेवटी सरोवराच्या नावावर चढतो. खारेपणा हाच त्याचा प्राण. अलीकडे पाण्याची पातळी वाढून काठची जुनी मंदिरे पाण्यात जाऊ लागली आहेत. खारे पाणी असे पातळ होत गेले, तर त्यात जगणाऱ्या जीवांनी कुठे जावे?

बुलढाण्याहून खामगावकडे निघालात तर बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्य लागते. सुमारे 205 चौरस किलोमीटरचे हे सागाचे रान अस्वलांसाठी आणि बिबट्यांसाठी प्रसिद्ध. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ 2019 च्या डिसेंबरात इथे येऊन ठेपला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याची वाट कळली : सुमारे 1300 किलोमीटर, तीही बरीचशी शेतांतून आणि नाल्यांतून. जोडीदारीण मात्र त्याला इथे मिळाली नाही. अभयारण्य कितीही जपले तरी त्याला दुसऱ्या जंगलाशी जोडणारी झाडी तुटली, तर ते शेतांमधले बेट होऊन बसते, हे त्या वाघाने चालून दाखवले.

आणि सिंदखेडराजा! जिजाऊंचे जन्मस्थान असलेला वाडा, लखुजी जाधवरावांची भव्य समाधी, मोती तलाव. 12 जानेवारीला इथे माणसांचा महापूर लोटतो. एरवी मात्र तलावाच्या बांधावर बसून त्या काळच्या पाण्याच्या योजनेचा निवांत विचार करता येतो.

आता समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजावरून गेला आहे. 2022 च्या डिसेंबरात त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जिल्हा एकदम जवळ आला. गर्दी येणार, हे नक्की. ती यावीही, गावातल्या पोरांना वाटाड्याचे काम आणि घरच्या बायांना भाकरी-पिठल्याचे चार पैसे मिळावेत. पण गर्दी म्हणजे घाण असे कुठे आहे? शेगावला पाहा. लाखो माणसे येतात, तरी मंदिराचा परिसर लखलखीत असतो. सेवेकरी विनावेतन राबतात आणि आलेला माणूसही आपोआप रांगेत उभा राहतो. तिथे पाळतो ती शिस्त लोणारच्या पायवाटेवर आणि बोथ्याच्या रानात पाळायला वेगळा कायदा कशाला हवा?

तेव्हा या हिवाळ्यात शेगावचे परतीचे तिकीट दोन दिवस पुढचे काढा. मुलांना घेऊन या. लोणारला पहाटे उतरा, मोर दिसतील. पाण्याची बाटली बरोबर आणा, आणि रिकामी झाली की तीही बरोबर न्या.