तरसालीत एक बेडरूमचे घर : जाहिरातीतील भाव आणि खरा खर्च

बडोद्याच्या दक्षिणेस, मकरपुरा औद्योगिक वसाहत आणि राष्ट्रीय महामार्ग यांच्या सान्निध्यात वसलेला तरसाली हा भाग कारखान्यांतील नोकरदारांना सोयीचा पडतो. गोव्यातून तेथे स्थायिक होऊ पाहणाऱ्याने प्रथम दोन शब्द समजून घ्यावेत. आपले साठेखत म्हणजे तेथील बानाखत. आणि सरकारी मूल्यदर म्हणजे जंत्री. एप्रिल 2023 मध्ये गुजरात सरकारने हे दर बरेच वाढवले. मुद्रांक शुल्क 4.9 टक्के असून करारातील किंमत व जंत्रीचे मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावर ते आकारले जाते. नोंदणी शुल्क 1 टक्का. खरेदीदार केवळ महिला असल्यास ते माफ आहे.

उदाहरणादाखल 20 लाखांची सदनिका धरू. बँक 90 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 18 लाख देऊ शकते. मात्र मुद्रांक व नोंदणीचे सुमारे 1 लाख 18 हजार रुपये सहसा या कर्जात धरले जात नाहीत. म्हणून ‘दोन लाखांत घर’ या गणितात किमान सव्वातीन लाख हाताशी लागतात. बांधकाम सुरू असल्यास परवडणाऱ्या घरावर 1 टक्का जीएसटी वेगळा, बी.यू. परवानगी, अर्थात वापर परवाना मिळाल्यानंतरच्या विक्रीवर तो लागत नाही.

फसगत बहुधा क्षेत्रफळात होते. जाहिरातीतील ‘सुपर बिल्टअप’मध्ये जिना आणि लिफ्टचाही वाटा मिसळलेला असतो. रेरा कायद्यानुसार विक्री चटई क्षेत्रावर व्हायला हवी, आणि त्यात बाल्कनी धरली जात नाही. प्रकल्पाची नोंद गुजरात रेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावी, दलालाने दाखवलेल्या कागदावर विसंबू नये. नोंदणीकृत करारापूर्वी 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे.

गुंतवणूक म्हणून पाहिल्यास चित्र इतके गोड नाही. साडेआठ टक्के व्याजाने 18 लाखांचा वीस वर्षांचा हप्ता सुमारे 15,600 रुपये पडतो. भाडे सहा-सात हजार धरले, तर निम्म्याहून अधिक हप्ता दरमहा पगारातूनच जाणार. राहण्यासाठी घेणाऱ्याचे वाचलेले भाडे आणि कारखान्यापर्यंतचा वाचलेला प्रवास हा मात्र खरा लाभ.

शहराच्या काही भागांत ‘अशांत धारा’ लागू असून तेथे विक्रीस जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे बयाणा देण्यापूर्वीच जागा त्या हद्दीत येते का, याची चौकशी करावी.