‘लेन्स गेली’ असे म्हणण्यापूर्वी

अमरावतीच्या राजकमल चौकापासून जयस्तंभापर्यंतच्या बाजारपेठेत, किंवा अकोल्यात गांधी रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत, ज्या टेबलांवर आज बहुतांशी मोबाइलचे फुटके पडदे बदलले जातात, त्याच टेबलांवर क्वचित् एखादी काळी, जड, धुळीने माखलेली पेटी येऊन पडते, आणि ती आणणारा गृहस्थ, जो एकेकाळी शाळकरी पोर म्हणून तिच्यासमोर मांडी घालून बसला होता आणि आज स्वतःच्या पोराचे बोट धरून आलेला असतो, काहीशा संकोचाने आपली फिर्याद गुदरतो : “भाऊ, मांगच्या दिवाळीलोक मस्त चालू होता, आता डिस्कच घेऊन नाई राह्यला. काहून असं?” यावर पेटीचा एक स्क्रूही न काढता जो निकाल बहुधा ऐकविला जातो तो दोनच शब्दांचा असतो : “लेन्स गेली.” या निकालाविषयी माझी तक्रार अशी की, तो पंचनाम्यावाचून दिला जातो, आणि पुष्कळदा ज्या भिंगावर तो बजावला जातो ते भिंग निर्दोष असते.

ही पेटी म्हणजे सोनी कंपनीचे प्लेस्टेशन टू. ४ मार्च २००० रोजी जपानात ते प्रथम विक्रीस आले, जानेवारी २०१३ मध्ये त्याचे उत्पादन थांबल्याची वार्ता आली, आणि या मुदतीत त्याच्या १५ कोटींहून अधिक पेट्या जगभर खपल्या. घरगुती खेळयंत्रांत इतका खप दुसऱ्या कोणासही लाभलेला नाही. हैदराबादेतील एका संस्थेने २००९ साली या यंत्रासाठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ नावाचा खेळ रचला, तेव्हा भारतात घडविलेला असा पहिला खेळ म्हणून त्याचा गवगवा झाला. ज्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान आखाडा, म्हणजेच पुढचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, नांदत आहे, त्या गावच्या मुलांनी जोर-बैठका टाकून अंगठ्यांनी मारुती उडवावा, यावर आखाड्याच्या वस्तादांनी काय म्हटले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दोष कोठे आहे हे कळण्यासाठी वाचनाची क्रिया थोडी समजून घेतली पाहिजे. सीडी ही १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची चकती. तिच्यावरील मजकूर आतून बाहेर उलगडत जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने कोरलेला असतो, त्या रेषेच्या दोन वेढ्यांमधील अंतर अवघे १.६ मायक्रोमीटर असते, आणि ती सरळ ताणली तर पाच किलोमीटरच्या पलीकडे जाईल. डीव्हीडीत हेच अंतर ०.७४ मायक्रोमीटरवर येते. सीडी वाचण्यास ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांस जवळजवळ न दिसणारा किरण लागतो, तर डीव्हीडीस ६५० नॅनोमीटरचा तांबडा. ग्रामोफोनची सुई निदान खाचेत टेकलेली असते, खाच तिला वाट दाखविते. येथे मात्र भिंग कशासही स्पर्श न करता, बारीक तारांवर लोंबकळत, दोन वेटोळ्यांतील विद्युत्प्रवाहाच्या बळावर क्षणोक्षणी वरखाली व आडवे हलत, डगमगत्या चकतीचा पाठलाग करीत असते. त्यात चकतीवर ओरखडा आला तर काय, याचाही बंदोबस्त अगोदरच केलेला आहे. रीड आणि सॉलोमन या दोघा गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या संकेतपद्धतीमुळे सीडीवरील सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा खंडही यंत्र हिशेबाने भरून काढते. म्हणूनच चकती पुसावयाची ती मध्यापासून कडेकडे, सरळ. गोल गोल पुसल्याने पडणारी रेघ सर्पिलाच्या दिशेने धावते आणि हा सगळा हिशेब बुडविते.

आता वऱ्हाडचा विचार. ही यंत्रे ज्या परदेशी हवेत कल्पिली गेली तेथे ना काळ्या मातीची पिठासारखी धूळ, ना सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या जिनिंगमधून उडणारे तंतू, ना अकोल्याचा तो मे महिना, ज्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जाणे ही वार्ता राहिलेली नाही. पेटीतला पंखा हवा ओढतो ती या सर्व ऐवजासह ओढतो, आणि त्यातील काही भाग भिंगाच्या माथ्यावर पातळ थर होऊन बसतो. ज्या दांड्यांवर भिंगाची गाडी सरकते त्यांवरील ग्रीस वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकून चिकट होते, त्यात तंतू मुरतात, आणि गाडी मध्यापासून काही अंतरावर अडखळते; म्हणजे खेळ सुरू होतो, आरंभीचे चित्रही दिसते, आणि पुढे अकस्मात् सारे गोठते. १९९४ सालच्या पहिल्या प्लेस्टेशनचा रोग याच जातीचा होता. त्याच्या आरंभीच्या पेट्यांत ही गाडी प्लॅस्टिकवर घासत असे आणि वीजपुरवठ्याच्या तापलेल्या भागाशेजारीच तिचे ठाणे होते. मार्ग झिजला की गाडी कलत असे, मग लोक पेटीच उलटी ठेवून खेळत. पुढील प्रतिरूपांत कंपनीने गाडीची जागा हलविली, यातच दोषाची कबुली आली. अमेरिकेतल्या नातलगाने आणलेली १२० व्होल्टची पेटी सरळ आपल्या २३० व्होल्टच्या खोबणीत खुपसून जाळल्याचे खटले निराळे. त्यांत भिंगाचा काहीच संबंध नसतो, तरी निकाल पुन्हा तोच.

जाणता कारागीर प्रथम हत्यार उचलीत नाही, प्रश्न विचारतो. “कोन्ती डिस्क घेत नाई, निळ्या बुडाची का चांदीची?” या पेटीचे सीडीवरील खेळ निळ्या पाठीच्या चकत्यांवर आणि डीव्हीडीवरील खेळ रुपेरी चकत्यांवर येत, एक जात वाचली जाते आणि दुसरी नाही, असे असेल तर मोटार, दांडे, गाडीला जोडलेली लवचीक तारपट्टी यांच्यावरचा संशय बराचसा दूर होतो आणि चौकशी त्या एका किरणापुरती उरते. दोन्ही जाती वाचल्या जात नसतील तर तो झाकण काढून पाहतो : भिंग चकतीचा शोध घेत वरखाली हलते की नाही, चकती फिरू लागून थांबते की फिरतच नाही, गाडी मुळाशी परत येते की वाटेतच अडते. (चालू किरणाकडे मात्र तो डोळा नेत नाही, आणि वाचकांनीही नेऊ नये.) यानंतर कापसाच्या बोळ्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांतून सर्रास मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, भिंग दाबले जाणार नाही अशा हलक्या हाताने एकदा पुसणे, जुने ग्रीस पूर्ण काढून नवे पांढरे ग्रीस अगदी थोडे लावणे, आणि लवचीक पट्टी खोबणीतून काढून पुन्हा नीट बसविणे, एवढ्या तीन कामांवर कित्येक खटले निकालात निघतात. आरंभीच्या जाड पेट्यांत भिंगाच्या गाडीचा कल बदलणारे एक छोटे पांढरे दंतचक्र असते. त्याला हात लावण्यापूर्वी त्याच्या मूळ स्थितीची खूण पेनने करून ठेवावी, हा नियम न पाळणाऱ्यांनी जितकी यंत्रे बिघडविली तितकी धुळीनेही बिघडविली नसतील.

परंतु खरा मोह निराळाच आहे. भिंगाच्या गाडीवर किरणाचा जोर ठरविणारे दोन इवले फिरते रोध असतात, एक सीडीसाठी, एक डीव्हीडीसाठी; ते किंचित् फिरविले की थकलेला किरणही काही काळ तडफेने वाचू लागतो, गिऱ्हाईक खूष होते आणि पैसे वसूल होतात. मी या युक्तीला दुरुस्ती म्हणण्यास तयार नाही. वाढविलेल्या प्रवाहाने किरण देणारा डायोड अधिक तापतो आणि उरलेले आयुष्य झपाट्याने संपवितो. भिंगावर धूळ असताना हा उपाय केला, तर निरोगी डायोडलाच विनाकारण शिक्षा होते. मोजमाप घेऊन, अखेरचा उपाय म्हणून, मालकाच्या कानावर घालून कोणी तो केला तर माझी हरकत नाही.

आणि किरण खरोखरच संपला असेल तर नवी गाडी बसवावी. बहुतेक जाड पेट्यांत केएचएस-४०० मालिकेची गाडी असते. स्थिर विजेच्या झटक्याने डायोड मरू नये म्हणून नव्या गाडीच्या पट्टीवर कारखान्यातच कथलाचा एक बारीक ठिपका टाकून दोन टोके जोडलेली असतात, आणि पट्टी जोडल्यानंतर तो ठिपका काढला नाही तर नवी कोरी गाडीही मुकीच राहते. “मालच खराब आला” म्हणून परत पाठविलेल्या गाड्यांपैकी काहींचा अपराध केवळ हा ठिपका असतो.

हल्ली चकतीला फाटा देऊन हार्ड डिस्कवरूनच खेळ चालविण्याची सोय अनेकांनी करून घेतली आहे. ती सोयीची आहे, परंतु ज्याच्या कपाटात चकत्या आहेत त्याचे समाधान तिने होत नाही. अशा गिऱ्हाइकाची पेटी परत देण्यापूर्वी झाकण पक्के बंद करून, पंखा लावून, ती तासभर तापू द्यावी आणि मग तीन परीक्षा घ्याव्यात : एक निळी चकती, एक साधी रुपेरी, आणि शेवटी ८.५ गिगाबाइटची, एकावर एक दोन थर असलेली, जिच्यात खालच्या थरावरून वरच्यावर उडी घेताना किरणाला आपला नेम क्षणार्धात बदलावा लागतो. या तिसऱ्या परीक्षेसाठी २००७ सालचा ‘गॉड ऑफ वॉर टू’ हा खेळ सोयीचा पडतो, कारण तो अशाच दुहेरी चकतीवर आला होता. त्यात तो अडकला, तर पेटी पुन्हा उघडावी आणि चौकशी दांड्यांपासून नव्याने सुरू करावी.