दोन पावलांचा उशीर

लॅन्सलॉट गाडीत चढायला दोन पावलांचा उशीर करतो, तिथूनच मी शिकवायला सुरुवात करते. राजा आर्थरची राणी ग्विनिव्हिअर हिला पळवून नेलेलं असतं. रस्त्यात भेटलेला बुटका गाडीवान लॅन्सलॉटला म्हणतो, गाडीत बसलास तर तिचा ठावठिकाणा कळेल. पण ही गाडी चोर-खुन्यांची धिंड काढायची. तिच्यात जो बसला त्याची अब्रू कायमची गेली. लॅन्सलॉट दोन पावलं चालतो आणि मग चढतो. पुढे तलवारीच्या पुलावरून हातपाय चिरून घेत तो राणीपर्यंत पोचतो, तर ती त्याच्याशी धड बोलतही नाही. का, तर ती दोन पावलं.

"मॅडम, हे अति होतंय," असं कुणीतरी म्हणतंच. मी त्याचीच वाट बघत असते. क्रेतियाँ द त्र्वा या फ्रेंच कवीने बाराव्या शतकात शँपेनच्या काउंटेस मारीच्या सांगण्यावरून ही कथा रचली आणि शेवट दुसऱ्याच्या हाती सोपवला. त्याला स्वतःलाच विषय पटला नव्हता, असं काही अभ्यासक म्हणतात. तसं असेलही.

एम.ए.च्या वर्गात मुलं येतात ती नाइटच्या गुणांचे गाइडातले मुद्दे घेऊन: शौर्य, निष्ठा, औदार्य, स्त्रीदाक्षिण्य, धर्मश्रद्धा. हे मुद्दे काही खोटे नाहीत. पण सगळे एकाच माणसाने एकाच वेळी पाळायचे म्हटले की ते आपसात भांडायला लागतात, आणि रोमान्स, म्हणजे नाइटांच्या या कथा, लिहिणाऱ्यांना रस होता तो या भांडणातच. म्हणून बहुतेक तासिका मी 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट'ला देते. चौदाव्या शतकाच्या अखेरचं हे २,५३० ओळींचं काव्य एकाच हस्तलिखितात टिकलं. १७३१ साली कॉटन ग्रंथसंग्रहाला आग लागली, तेव्हा हे हस्तलिखित त्यातच होतं. कवीचं नाव कुणालाच माहीत नाही.

गवेनच्या ढालीवर पंचकोनी तारा आहे, पाच पंचकांचा. तो मी फळ्यावर काढायला लावते. अट एकच, खडू उचलायचा नाही. तारा काढता काढता मुलांच्या लक्षात येतं, की एक रेघ चुकली तर सगळी आकृती फसते. कवीला हेच म्हणायचंय, हे मग मला वेगळं सांगावं लागत नाही.

ग्रीन नाइटच्या कुऱ्हाडीखाली मान द्यायला निघालेल्या गवेनच्या वाटेत मग येतो बर्टिलाकचा किल्ला. यजमान रोज शिकारीला जाणार, गवेन घरी आराम करणार आणि संध्याकाळी दोघांनी दिवसभराची कमाई एकमेकांना द्यायची. यजमानाला हरणं मिळतात, मग रानडुक्कर, मग कोल्हा. इकडे त्याची बायको गवेनच्या पलंगावर येऊन बसते आणि हा पठ्ठ्या झोपेचं सोंग घेतो. वर्ग हसतो. हसून झालं की मी दोघांना पुढे बोलावते. एकाने काहीतरी मागायचं, दुसऱ्याने ते द्यायचं नाही. पण 'नाही' म्हणायचं नाही आणि समोरच्याचा अपमानही करायचा नाही. "बघू", "घरी विचारून सांगतो" हे आपल्याकडचे हुकमी पत्ते पहिल्या मिनिटातच संपतात. नंतर घाम फुटतो. गवेनला हे तीन दिवस निभवायचं होतं.

हरणं सोलण्या-कापण्याचं लांबलचक वर्णन बरेच जण गाळतात. ज्यांनी घरी बोकड सोलताना पाहिलाय ते मात्र सावरून बसतात. कोणता तुकडा कावळ्यांसाठी फेकायचा, हेसुद्धा त्यात आहे. खाटिककामालाही दरबारी रीत होती.

तिसऱ्या दिवशी गवेन यजमानाच्या बायकोकडून मिळालेली चुंबनं यजमानाला देतो, पण जीव वाचवणारा म्हणून तिनेच दिलेला हिरवा पट्टा लपवून ठेवतो. गुन्हा केवढा? ग्रीन नाइट, म्हणजे तो यजमानच, म्हणतो, किरकोळ. गवेन स्वतःला भित्रा, लोभी ठरवतो. दरबार हसतो आणि सगळेच हिरवे पट्टे घालू लागतात. वर्गात मतदान घेतलं तर मुलगे बहुधा गवेनला माफ करतात. मुली माफ करत नाहीत, पण पट्ट्यासाठी नव्हे. उघडा पडल्यावर तो आदम, सॉलोमन, सॅमसन, डेव्हिड यांची यादी काढून सगळा दोष बायकांवर ढकलतो, म्हणून.

इथे मी आंद्रेआस कापेलानस काढते. प्रेमाचे नियम सांगणारा त्याचा लॅटिन ग्रंथ बाराव्या शतकातला. उच्चकुलीन स्त्रीचं मन कसं वळवावं यावर तो पानंच्या पानं संवाद लिहितो. शेतकऱ्यांच्या बायकांवर मन गेलं तर मात्र थोडी बळजबरी करायला कचरू नये, असं सांगतो. तो उपरोधाने लिहितोय, असंही काहींचं म्हणणं आहे. शेतकरी घरांतून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना तो उपरोध फारसा दिसत नाही.

मग मॅलरीचा आर्थरकथांचा ग्रंथ. आर्थरचे नाइट दरवर्षी शपथ घेतात. १९३४ साली विंचेस्टरला सापडलेल्या हस्तलिखितात त्या शपथेत एक कलम आहे: स्त्रीवर बळजबरी करणार नाही, केल्यास मृत्युदंड. कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलेल्या प्रतीत बळजबरीचा तो उल्लेख नाही. आणि ज्या सर थॉमस मॅलरीला बहुतेक अभ्यासक या ग्रंथाचा लेखक मानतात, त्याच्यावर दरोड्यांबरोबर बलात्काराचाही आरोप होता. खटला कधी चालला नाही. ग्रंथ त्याने कैदेत लिहिला.

"म्हणजे तसं घडत होतं, म्हणून तर शपथेत घालावं लागलं," एक मुलगी म्हणाली. आणि लगेच, "पेपरात लिहिलं तर चालेल?"

मी म्हटलं, आधी पाच मुद्दे लिही, मग हे लिही.