दहा आकड्यांची कुंडली

1 जूनला मासेमारी बंद झाली की बोईसरजवळच्या दांडीत बोटी वर ओढल्या जातात. मग 31 जुलैपर्यंत जाळी दुरुस्त करायची, इंजिनाची डागडुजी करायची, जुनं विकायचं, नवं बघायचं. हा बाजार आता व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरही भरतो. समजा, एकाने टाकलं, ‘जुनं इंजिन विकणे आहे, चालू स्थितीत, दांडी.’ खाली मोबाइल नंबर. एवढ्या एका ओळीतून किती माहिती बाहेर गेली, हे उलगडत गेलं की थक्क व्हायला होतं.

आधी नंबरच घेऊ. आपला मोबाइल नंबर दहा आकडी, पहिला आकडा 6 ते 9. म्हणजे होऊ शकतील असे सगळे मिळून 400 कोटी. एवढ्या गर्दीत आपल्याला कोण शोधणार? पण फोनमध्ये नवा नंबर सेव्ह केला की तो माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर आहे की नाही ते लगेच दिसतं ना? व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी याच सोयीला प्रश्न विचारायचा सपाटा लावला. हा नंबर आहे का? हा? आणि हा? वेग तासाला 10 कोटींहून जास्त! या वेगाने भारताचे 400 कोटी नंबर 40 तासांत संपतात. शनिवारी सकाळी सुरू केलं तर रविवारी रात्री काम फत्ते. 2025 मध्ये त्यांनी हे जाहीर केलं तेव्हा जगभरातली 350 कोटी खाती त्यांच्या हाती लागली होती, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा फोटो कुणालाही दिसत होता. त्यांनी कंपनीला कळवलं, जमवलेली माहिती पुसली, आणि कंपनीने या विचारपुशीला लगाम घातला.

मग नंबर जपून तरी काय उपयोग? मला या प्रश्नानेच खिळवून ठेवलं. आकडे यंत्राला जुळवता येतात. पण हा नंबर दांडीच्या मच्छीमाराचा आहे, त्याला इंजिन विकायचंय, म्हणजे या आठवड्यात तो अनोळखी फोनसुद्धा हौसेने उचलणार, पैसे येणार हे त्याने मनात धरलंय, हे आकड्यांतून कसं काढणार? ते ग्रुपवर आपणच सांगतो. खाली नंबर लिहिला नसता, तरी ग्रुपमधल्या प्रत्येकाला तो दिसतोच. एका ग्रुपमध्ये 1024 जण मावतात. लिंकवरून आत आलेला कोण, कुठला, हे अ‍ॅडमिनलाही ठाऊक नसतं.

आता तोच नंबर पैसे पाठवायच्या अ‍ॅपमध्ये टाका. बँकेतलं नाव समोर! चुकीच्या माणसाला पैसे जाऊ नयेत म्हणून केलेली ही सोय. पण फोटो, गाव आणि नड आधीच हाती असलेल्याला तिथे नावही मिळतं.

मग फोन येतो, थेट नावानिशी. “दादा, इंजिन आहे ना अजून? मी मिलिटरीत आहे, माणूस पाठवतो. अ‍ॅडव्हान्स टाकतोय, क्यूआर पाठवलाय, तेवढा स्कॅन करा.” नाव बरोबर, गाव बरोबर, इंजिनही बरोबर. संशय घ्यायचा तरी कशावरून? पण यूपीआयवर पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो, ना पिन. स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

आणखी एक गंमत. आपण बंद केलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. मग जुना मेसेज बघून कुणीतरी इंजिनाची चौकशी करतं, आणि पलीकडे असतं भलतंच माणूस.

गावच्या सूचनांसाठी व्हॉट्सअ‍ॅपचं चॅनेल बरं, तिथे सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. विक्री मात्र ओळखीच्यांच्याच ग्रुपवर करावी, लिंक गावभर फिरवू नये, आणि गिऱ्हाइकाला इंजिन बघायला किनाऱ्यावर बोलवावं. पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. चोर ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात हलवत असतो, आणि ती काढून घेण्याआधी बँकेला कळलं तर वाटेतच गोठवता येते. घरच्यांना काय सांगू, लोक काय म्हणतील, या विचारात रात्र घालवली तर तेवढ्यात ती कुठल्या तरी एटीएममधून निघून गेलेली असते.