मज्जातंतूंना हवी वाट

आमच्या नांदूरघाट परिसरातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. उसावरचा कोयता घसरून मनगटावर बसला, की टाके पडतात, जखम भरते. पण कधी कधी बोटे बधिरच राहतात. असे का? कातडी जुळली, तरी आतला मज्जातंतू जुळलेला नसतो.

मज्जातंतू म्हणजे चेतापेशींच्या लांब धाग्यांची जुडी. धागा मनगटात तुटला, तरी मूळ पेशी पाठीच्या कण्यापाशी जिवंत असते. ती धागा पुन्हा वाढवते, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोहोचायला सहा महिने सहज लागतात. वाटेत तो भरकटला, तर तिथेच गुंता होऊन दुखरी गाठ बनते.

मग धाग्याला वाट कळते कशी? परसातला दोडक्याचा वेल पाहा. सुतळी सापडली, की तिला धरून तो मांडवावर चढतो. चेतापेशीच्या धाग्यालाही टोकाशी असाच चाचपणारा पंजा असतो. स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी त्याचे वर्णन १८९० मध्ये केले. हा पंजा पायाखालची रसायनेही ओळखतो.

मग आपणच रसायनांची सुतळी बांधली तर? १९७५ मध्ये पॉल लेटर्नो यांनी कोंबडीच्या गर्भातील चेतापेशी दोन प्रकारच्या पृष्ठभागांच्या नक्षीवर वाढवल्या. धाग्यांनी चिकटायला सोयीचा भाग निवडला. १९८८ मध्ये डेव्हिड क्लाइनफेल्ड व सहकाऱ्यांनी संगणकाच्या चिपवर नक्षी उमटवतात त्याच तंत्राने रसायनांचे पट्टे आखले. पेशी त्या पट्ट्यांवरच वाढल्या. पुढे रबरी शिक्क्याने लॅमिनिन या प्रथिनाच्या, केसाहूनही बारीक रेघा छापता येऊ लागल्या.

पुण्याच्या ‘आयसर’मध्येही या वाढत्या टोकाचा अभ्यास झाला आहे. तुटलेल्या दोन टोकांमधले लहान अंतर सांधायला शल्यचिकित्सक पोकळ नळी वापरतात. तिच्या आत अशा रेघा आखाव्यात, हा संशोधकांचा प्रयत्न आहे. पाठीच्या कण्यातील इजेत मात्र नुसत्या रेघा पुरत नाहीत. तिथे भोवतालची रसायनेच वाढ रोखतात.

प्रयोगशाळेतली ही वाट फडापर्यंत यायला वेळ लागेल. तोवर एवढे ध्यानात ठेवावे : कापल्यावर बोट बधिर वाटले, तर जखम भरण्याची वाट पाहू नये. तंतू जोडू शकणाऱ्या शल्यचिकित्सकाकडे लगेच जावे. तुटलेली टोके वेळेवर समोरासमोर आणून शिवणे, हीच आज धाग्याला दाखवता येणारी सर्वांत खात्रीची वाट आहे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)