स्नेसारेव यांच्या शिबिराचा हिशेब

निकोलाय स्नेसारेव हे नाव महाराष्ट्रात फारसे कुणी घेत नाही. तरी सावरपाड्याची कविता राऊत, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आणि आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे या तिघांच्याही वाटचालीत बेलारूसचा हा प्रशिक्षक भेटतो. २००५ मध्ये ते पहिल्यांदा भारतात आले. ५ मार्च २०२१ रोजी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत वयाच्या ७२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतातल्या त्यांच्या कामाचे मुख्य ठिकाण होते बंगळूरूच्या भारतीय क्रीडा प्राधिकरण (साई) केंद्रातले राष्ट्रीय शिबिर. या कारकिर्दीतले यश आणि तिच्याभोवतीचे वाद एकाच पद्धतीतून निघाले. म्हणून एक जमेस धरून दुसरे वगळता येत नाही.

आधी जमेची बाजू. ग्वांगझू आशियाई स्पर्धेत २०१० मध्ये दहा हजार मीटरचे सुवर्ण प्रीजा श्रीधरनने ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांत घेतले आणि कविता एका सेकंदाच्या आत तिच्या मागे दुसरी आली. त्याच स्पर्धेत सुधा सिंगने तीन हजार मीटर स्टीपलचेस जिंकली. एकाच शिबिरातल्या तिघी एकाच वेळी भरात येतात, तेव्हा श्रेय केवळ उपजत गुणांना देता येत नाही. ललिताचा आलेख याहून बोलका आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ ते २०१४ सलग पहिली आलेली ही धावपटू स्टीपलचेसकडे वळली. २०१४ मध्ये इंचॉन आशियाई स्पर्धेत ९:३५.३७ वेळेत कांस्य, २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत ९:२७.८६ आणि २०१६ मध्ये रिओच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६. दोन वर्षांच्या आत पंधरा सेकंदांहून अधिक वेळ कमी झाला. पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्यांच्या या शर्यतीत पाय जड झाल्यावरही उडीची लय टिकवावी लागते. ती लय महिनोन्‌महिने न चुकता केलेल्या सरावातूनच येते, आणि स्नेसारेव यांची ख्याती अशा सक्तीच्या सरावासाठीच होती.

पहिला आक्षेप असा की पाया दुसऱ्यांनीच घातला होता. कविता नाशिकला विजेंदर सिंग यांच्याकडे घडली, तर साबळेला स्टीपलचेसकडे वळवले लष्करातल्या अमरीश कुमार यांनी. हे खरेच आहे. पण गावाकडून राष्ट्रीय पातळीपर्यंत आणणे आणि तिथून आशियाई पदकापर्यंत नेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाचा मान स्थानिक गुरूंना दिला, म्हणून दुसरे काम लहान ठरत नाही.

दुसरा आक्षेप, खेळाडूचे ऐकले जात नसल्याचा, जास्त गंभीर आहे. त्यांच्याच शिबिरातली धावपटू ओ. पी. जैशा हिला रिओत पंधराशे मीटर धावायचे होते, पण प्रशिक्षकाच्या आग्रहामुळे आपल्याला मॅरेथॉन धावावी लागली, असे तिने जाहीरपणे सांगितले. ती शर्यत संपताच ती कोसळली. पुढे साबळेला शिबिराचा दिनक्रम मानवला नाही. तो अमरीश कुमार यांच्याकडे परतला आणि स्नेसारेव यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये पद सोडले. त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत साबळे ८:२१.३७ धावून टोकियोसाठी पात्र ठरला. म्हणजे त्यांच्याविनाही प्रगती होत होती. इथे ‘कडक असल्याशिवाय पदके मिळत नाहीत’ हा नेहमीचा बचाव लंगडा पडतो. तरी २०२१ मध्ये ऑलिंपिकच्या तयारीसाठी पुन्हा त्यांनाच बोलावले गेले, हेही तितकेच खरे.

ललिताला घडवणाऱ्या पद्धतीत सगळे निर्णय एका माणसाच्या हाती होते. निर्णय बरोबर असेल तेव्हा विक्रम होतो. चुकला तर त्याला आवर घालणारे कुणी नसते. स्नेसारेव यांच्या सरावाची चिकाटी शिबिरांनी जरूर उचलावी, पण कोणती शर्यत धावायची आणि कधी थांबायचे यात खेळाडूचा शब्दही ग्राह्य धरावा. जैशाचे ऐकले असते, तर त्यांच्या खात्यात एक वाद कमी असता आणि ललिताचे सेकंद तेवढेच राहिले असते.