डाऊन सिंड्रोम असलेले बालक व त्याचे भावंड : आरोग्य तपासणीची दोन वेळापत्रके

बीजशब्द : डाऊन सिंड्रोम, बालआरोग्य तपासणी, थायरॉईड, श्रवणदोष, भावंडे

प्रस्तावना :
डाऊन सिंड्रोम ही जन्मजात जनुकीय अवस्था होय. ब्रिटिश वैद्य जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये तिचे वर्णन केले. २१ व्या गुणसूत्राची अतिरिक्त प्रत हे तिचे कारण असल्याचे १९५९ मध्ये जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. अशा बालकाच्या घरी अनेकदा दुसरेही लहान मूल असते. दोघांना एकाच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे नेणे सोयीचे असले तरी दोघांच्या तपासणीमागील तत्त्व मात्र वेगळे आहे. ते स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लक्षणांची वाट का पाहू नये ?
सर्वसाधारण बालकाच्या बाबतीत लसीकरण, वजन-उंची व विकासाचे टप्पे पाहिले जातात. तक्रार असेल तरच पुढील चाचण्या होतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकाच्या मात्र काही चाचण्या तक्रार नसतानाही ठरलेल्या वयात कराव्या लागतात. थायरॉईडची कमतरता हे याचे बोलके उदाहरण होय. सुस्ती, बद्धकोष्ठता, खुंटलेली वाढ ही तिची लक्षणे डाऊन सिंड्रोमचाच भाग समजली जातात. 'या मुलांचे असेच असायचे' या समजुतीखाली उपचार करण्याजोगा आजार झाकला जातो. रोजच्या एका गोळीने हा दोष आटोक्यात येतो. परंतु उशीर झाल्यास मेंदूच्या वाढीची गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

तपासण्यांचे स्वरूप :
अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०२२ मध्ये सुधारित केलेल्या मार्गदर्शनातील प्रमुख बाबी पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) हृदय : सुमारे निम्म्या बालकांत जन्मजात हृदयदोष आढळतो. स्टेथोस्कोपने काही ऐकू आले नाही तरी दोष असू शकतो. म्हणून प्रत्येक नवजात बालकाची इकोकार्डिओग्राफी आवश्यक ठरते. विलंब झाल्यास फुफ्फुसांतील रक्तदाब वाढून शस्त्रक्रियेची योग्य वेळ निघून जाऊ शकते.

२) थायरॉईड : जन्मानंतर, ६ व्या व १२ व्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी.

३) श्रवण व दृष्टी : कानाची नळी अरुंद असल्याने मध्यकर्णात द्रव साचतो. मूल हाकेला ओ देत नाही, याचे कारण समजेचा अभाव नव्हे तर ऐकू न येणे हे असू शकते. दृष्टीची तपासणी पहिल्या ६ महिन्यांत व्हावी.

४) झोप व मान : घोरत नसले तरी ४ वर्षे वयापर्यंत झोपेतील श्वसनाची चाचणी सुचविली जाते. चालण्यात बदल, हातापायांत अशक्तपणा वा लघवीवरील ताबा सुटणे ही मानेच्या मणक्यांतील अस्थिरतेची चिन्हे असू शकतात. अशा वेळी तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

भावंडाचे स्थान :
एका दिवसाची मजुरी बुडवून, एक मूल कडेवर व दुसरे बोटाशी धरून येणाऱ्या मातेसाठी लसीकरणाच्या तारखेलाच इतर तपासण्या जोडणे उपकारक ठरते. दोघांसाठी स्वतंत्र फाईल असावी व प्रश्न आधीच लिहून न्यावेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकाची वाढ त्यांच्यासाठी तयार केलेल्या स्वतंत्र आलेखावर पाहावी. भावंडाशी तुलना करू नये. त्याचप्रमाणे 'हा तर ठणठणीत आहे' असे म्हणून दुसऱ्या मुलाची तपासणी घाईत उरकू नये. त्याचा अशक्तपणा वा अबोलपणाही तितक्याच गांभीर्याने पाहिला पाहिजे.

शासकीय व्यवस्था :
२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अभिप्रेत असून त्यात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे. अंगणवाडी व शाळांत जाणाऱ्या पथकांकडून निवडलेली बालके जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविली जातात.

समारोप :
सारांश, एका मुलासाठी तक्रार ही तपासणीची सूचना असते, तर दुसऱ्यासाठी वय हीच सूचना असते. हा भेद पालकांपर्यंत पोहोचविण्यात राष्ट्रीय सेवा योजना, गृहविज्ञान व समाजशास्त्र यांच्याशी संबंधित प्राध्यापक मोलाची भूमिका बजावू शकतात.